फुरसुंगीचा पोरगा आणि माझं शेंडेनक्षत्र

शाळेच्या मैदानावर शंभर मीटरच्या शर्यतीत मी शेवटून पहिला आलो, त्या दिवशी पाचवीच्या वर्गानं माझं बारसं केलं. नाव ठेवलं 'स्लोअर'. साल १९८०. इंग्रजी विषय आम्हाला त्याच वर्षी सुरू झाला होता, पण 'फास्टर' हा शब्द साताऱ्यातल्या पोरांना बाईंच्या आधी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं शिकवला होता. त्यामुळे उलटा शब्द शोधायला कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. ते नाव दहावीपर्यंत टिकलं. अजूनही पोवई नाक्यावर एक वर्गमित्र भेटला की भर रस्त्यात विचारतो, "काय स्लोअर, कधी आलास?" आमची दोघांचीही आता पंचावन्नी उलटलीय.

तेव्हा फास्टर फेणे मला आवडत नव्हता याला वाङ्मयीन कारण काही नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो. वाङ्मयीन कारणं मी मागाहून गोळा केली.

ज्यांचं बालपण नंतरचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. गाव फुरसुंगी, शाळा पुण्यात. अंगानं काटकुळा, अंगात चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल आणि तोंडात 'ट्टॉक'. जीभ टाळ्याला लावून सोडली की होतो तो आवाज. चोर, हेर, विमान पळवणारे, जो कुणी समोर येईल त्याला हा पोरगा शेवटच्या पानापर्यंत पकडून देई. अशी वीस पुस्तकं. आमच्या वर्गात त्यांची अक्षरशः पारायणं चालत. मधल्या सुट्टीत डब्यातली चटणी-भाकरी संपायच्या आत कालच्या पुस्तकाचा निकाल लागलेला असे. ज्याच्या घरी सायकल होती तो आपोआप फेणे व्हायचा, बाकीचे चोर. मी चोरही नीट होऊ शकत नव्हतो, कारण चोरालाही पळावं लागतं.

आणि ट्टॉक! चाळीस पोरांच्या वर्गात गुरुजी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून एक ट्टॉक, मग खिडकीकडून दुसरा. एकदा गुरुजींनी सगळ्या वर्गाला बाकावर उभं केलं, तेव्हा न केलेल्या ट्टॉकची शिक्षा मीही भोगली. मी तो आवाज काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ते पाळलं.

आता रागाचं दुसरं कारण. फेणे पुण्याचा. तसा तो खेड्यातलाच पोर. फुरसुंगी तेव्हा कुठलं शहर होतं? पण कात्रजचा घाट उतरला की पलीकडचं सगळं पुणंच, असा आमचा भूगोल. उन्हाळ्यात पुण्याहून येणारी चुलत-मावस भावंडं आमच्याकडे कंदी पेढे खात आणि आमच्या बोलण्यावर हसत. फेणे त्यांच्यातलाच एक वाटायचा. त्यात हा गडी जगभर फिरून समाधान झालं नाही म्हणून की काय, आमच्या जिल्ह्यात आला. 'प्रतापगडावर फास्टर फेणे'! पुस्तकाचं नाव वाचूनच माझं टाळकं फिरलं. प्रतापगड आमचा. महाबळेश्वरच्या पुढं, जावळीच्या रानात. आमच्या घरापासून एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट. तिथं पराक्रम करायचा तर साताऱ्याचं एकही पोर मिळू नये? ते पुस्तक मी हातात घ्यायचं नाही अशी शपथ घेतली. अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून घेतली होती, म्हणजे गंभीर होती.

पण बाकीची वाचली. या लेखात सांगण्यासारखी गोष्ट खरं तर एवढीच आहे. न आवडणाऱ्या माणसाची मी तेरा-चौदा पुस्तकं वाचली, काही दोनदा.

दुसरा इलाज काय होता? मे महिन्यात दुपारी ऊन उतरेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी आईची आज्ञा. टीव्ही नाही. रेडिओ आजोबांच्या ताब्यात, आणि त्यांना बातम्यांशिवाय काही चालत नसे. आमच्या पेठेत एका काकांनी घराच्या ओसरीवर वाचनालय थाटलं होतं. दोन लाकडी मांडण्या, दिवसाला दहा पैसे भाडं, पाच रुपये अनामत. काका पुस्तकाचं मूळ कव्हर पहिल्याच आठवड्यात काढून टाकत आणि खाकी पुठ्ठ्याची बांधणी करत. पुठ्ठ्यावर निळ्या शाईनं नाव. लेखकाचं नाव लिहायची पद्धत नव्हती, काकांना ती चैन वाटत असावी. मांडणीत वर मोठ्यांचे बाबूराव अर्नाळकर आणि नारायण धारप, ज्यांना हात लावायला आम्हाला बंदी होती. खाली आमचं खातं. जे आवडायचं ते दुसऱ्याकडे गेलेलं असायचं, जे उरलं ते न्यायचं. पुष्कळदा उरलेला फेणेच असायचा, कारण बाकीच्या पोरांनी तो आधीच वाचलेला असे.

अशा रीतीनं मी फेणेचा कट्टर विरोधक आणि साताऱ्यातला पहिल्या पाचांतला जाणकार झालो. कुठल्या पुस्तकात तो कसा अडकतो आणि कसा सुटतो, हे मला त्याच्या भक्तांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. भांडणाला पुरावा लागतो ना! माझा मुद्दा असा होता की हा पोरगा कधी कंटाळत नाही. मी वाचलेल्या पुस्तकांत तरी त्याला कुणी दळण आणायला पिटाळलेलं मला आठवत नाही. गिरणीपुढं तासभर बसून पिठाचा पांढरा थर अंगावर घेणं हे ज्याच्या नशिबी नाही, तो कसला आमच्यातला? यावर आमच्या वर्गातला त्या वेळचा मुख्य फेणे म्हणाला होता, "दळणाचं पुस्तक कोण वाचंल लेका?" उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' हातात पडायला अजून पाच-सहा वर्षं होती.

मला वेड नव्हतं असं कुणी समजू नये. आमच्याकडच्या भाषेत त्याला नाद म्हणतात, आणि माझा नाद वेताळाचा होता. म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला. १९६४ साली टाइम्सवाल्यांनी ती सुरू केली, आणि अमेरिकेतला फँटम मराठीत आला तो वेताळ होऊन. जांभळा अंगरखा, डोळ्यांवर पट्टी, कवटीच्या आकाराची गुहा, हातात अंगठी. ज्याला ठोसा बसेल त्याच्या गालावर कवटीचा शिक्का कायमचा. आमच्या घरात यामुळे मोठा घोटाळा झाला होता, कारण 'चांदोबा'ही येत असे आणि त्यात विक्रमाच्या खांद्यावर दर महिन्याला दुसरा वेताळ बसलेला असे. तिसरा वेताळ आजोळी, गावाच्या शिवेवर, शेंदूर फासलेला. आजीनं एकदा माझं इंद्रजाल उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हा कुठला रे? ह्याला शेंदूर न्हाई." अमावास्येला नारळ न मागणारा वेताळ तिच्या हिशेबात बसेना.

वेताळ मला का चालला आणि फेणे का नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. वेताळही जिंकतोच, फेणेपेक्षा जास्त जिंकतो. पण तो कुठल्या शाळेत नव्हता. त्याच्यावरून मला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं.

आणि मग ते पुस्तक. खाकी पुठ्ठा, निळी शाई, 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. सुरुवातीची दोन-तीन पानं गायब. एक शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, पृथ्वीला घासून जातं आणि जाता जाता जमिनीचा, समुद्राचा एक तुकडा उचलून नेतं, वर असलेल्या माणसांसकट. सूर्यापासून लांब जाता जाता थंडी वाढत जाते, तशी ती माणसं ज्वालामुखीच्या पोटात, लाव्हाच्या उबेला राहायला जातात. तिथंही भांडतात, हिशेब करतात, उधारी वसूल करतात. दोन वर्षांनी शेंडेनक्षत्र पुन्हा पृथ्वीजवळ येतं तेव्हा फुगा करून सुटतात. त्या गोष्टीत पळण्याचा काही उपयोग नव्हता. कितीही जोरात पळालात तरी तुम्ही त्याच तुकड्यावर, आणि तुकडा जातोय आपल्या गतीनं. स्लोअर नाव पडलेल्या पोराला यापेक्षा मोठा दिलासा कुठला? एका डोंगराच्या पायथ्याशी अडकलेलं गावही मला ओळखीचं होतं. अजिंक्यताऱ्याखाली आम्ही तेच करत होतो.

ते पुस्तक मी किती वेळा नेलं याची नोंद काकांच्या वहीत असणार. शेवटी त्यांनी वैतागून अनामत रकमेच्या बदल्यात ते मला देऊनच टाकलं. पाच रुपयांत एक धूमकेतू.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा सगळ्या साताऱ्यात सर्वांत जास्त उतावीळ मी होतो, याबद्दल मला शंका नाही. दहावीची परीक्षा तोंडावर होती. तरी मार्चमधल्या एका पहाटे चौघं जण 'चार भिंती' स्मारकाच्या बाजूनं अंधारात वर चढलो. बरोबरचे तिघंही फेणेवाले. थंडी बऱ्यापैकी, खाली गावात दिवे मोजके. दक्षिणेकडे खाली क्षितिजाजवळ पाहायचं असं वर्तमानपत्रात आलं होतं. पाहत राहिलो. साडेचारच्या सुमाराला एकानं बोट दाखवलं. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून पिळावा तसा एक फिकट डाग. शेपूट आहे असं म्हटलं तर होतं. त्या खेपेला तो पृथ्वीपासून दुरूनच गेला होता, त्यामुळे जगभर सगळ्यांचीच निराशा झाली, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त मुख्य फेणेचा आवाज ऐकू आला, "एवढ्यासाठी उठवलंस?" आणि अंधारात तिघांनी मिळून ट्टॉक केलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना ते दिसलं नाही, ही अंधाराची कृपा. हॅले पुन्हा येणार २०६१ साली.

पुढच्या वर्षी फेणे दूरदर्शनवर आला. सुमीत राघवन त्यात फेणे झाला होता. शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून मीही पाहिला. एकच वाहिनी, एकच टीव्ही, आणि आळीतली तीसेक माणसं. 'मला नाही आवडत' म्हणून उठून जायचं तर बाहेर ओट्यावर एकटं बसावं लागलं असतं.

बारावीनंतर मी सांगलीला विलिंग्डन महाविद्यालयात आलो. साताऱ्याहून एसटी कराड, पेठनाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगलीत शिरायची तेव्हा कृष्णेची हवा लागायची. सांगली म्हणजे नाटकाचं गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीतास्वयंवर' केलं, आणि त्याचा अभिमान रिक्षावाल्यालाही. तिथं एका पुस्तक प्रदर्शनात, बहुधा ८८-८९ साल असेल, मला टेबलावर 'मुक्काम शेंडेनक्षत्र' दिसलं. पहिल्यांदाच कव्हरसकट. मूळ लेखक ज्यूल व्हर्न. आणि मराठी रूप? भा. रा. भागवत.

मी ते टेबलावर परत ठेवलं. पुन्हा उचललं. दुसऱ्या टेबलावर एकसारख्या कव्हरची फेणेची चळत होती, तिच्यावरही तेच नाव. ज्या माणसानं माझ्या बालपणीचा एक आनंद दिला होता, त्याच माणसानं माझं टोपणनावही दिलं होतं. व्हर्नच्या पाताळातल्या, चंद्रावरच्या, समुद्रातल्या सफरी भागवतांनीच मराठीत आणल्या होत्या. एवढंच नव्हे, बिपीन बुकलवार नावाचा एक पुस्तकी किडा पोरगाही त्यांनीच रंगवला होता. तो मला दहाव्या वर्षी भेटला असता तर कदाचित माझं सगळंच बरं झालं असतं. काकांच्या ओसरीवर बुकलवार आलाच नाही. आणि आला असला तरी खाकी पुठ्ठ्यात मला ओळखू आला नसता.

राग गेला का? नाही. राग एवढ्या सोप्या कारणानं जात नाही. पण त्यात थोडा संकोच मिसळला.

बहिणीला पुढं सांगलीचंच स्थळ आलं, गावभागातलं. २००४ साली भाची झाली. दहाव्या वाढदिवसाला तिच्या पुण्याच्या आत्यानं (पुणं काही पाठ सोडत नाही) तिला हॅरी पॉटरची सातही पुस्तकं पेटीसकट पाठवली. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आलेली, पन्नास कोटींहून जास्त खपलेली सात पुस्तकं. मी हेव्यानं पेटीचा वास घेतला. आम्हाला कधी अख्खी मालिका एका वेळी बघायलाही मिळाली नव्हती.

महिन्याभरानं गेलो तर पेटी कपाटावर. म्हटलं, "झाली वाचून?"

"साठ पानं वाचली. होईना, मामा."

"का गं?"

"सगळ्यांना आधीपासून माहितीय की तोच तो. त्याचं नाव ऐकलं की लोक गप्प होतात. मग आपण कशाला वाचायचं?"

दहा वर्षांची पोर. मी तिच्या आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. हा दोष आमच्याच रक्तातला. शाळेत तिच्या मैत्रिणी संगणकावर प्रश्नांची उत्तरं देऊन आपण त्या जादूच्या शाळेतल्या कुठल्या घराण्यात बसतो ते काढत होत्या. हिला विचारलं, "तू कुठल्या हाउसची?" ही म्हणाली, "मी गावभागातली."

गंमत अशी की मी 'हॅरी पॉटर आणि परीस' हा मराठी अनुवाद विकत घेतला, तिला पटवण्यासाठी मुद्दे हवेत म्हणून, आणि मला तो आवडला. जिन्याखालच्या खोलीत झोपणारा पोरगा मला पटला. आमच्या घरीही जिन्याखाली गहू असायचे आणि परीक्षेच्या दिवसांत मी. पण भाचीपुढं ते कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

तिचे नाद वेगळे होते. 'वन पीस' नावाची जपानी चित्रमालिका, समुद्री चाच्यांची. ती योगायोगानं सुरू झाली हॅरीच्याच वर्षी, १९९७ मध्ये, आणि अजून संपलेली नाही, शंभरावर खंड झाले. आणि बीटीएस. कोरियातले सात गाणारे पोरगे. त्यांच्या चाहत्यांच्या जमातीला आर्मी म्हणतात. एकदा साताऱ्याला फोन करून तिनं आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं, "आजोबा, मी आर्मीत आहे." आमचा जिल्हा फौजेचा. मिलिटरी अपशिंगे या गावाचं नुसतं नाव काढलं तरी आजोबांची पाठ ताठ होते. त्यांनी त्या संध्याकाळी कट्ट्यावर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी खरा प्रकार कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "कोरियाची का असंना, फौज ती फौज."

तिच्या फौजेतली माणसं इचलकरंजीत आहेत, नाशकात आहेत, मनिलात आहेत. त्यातल्या एका गायकाच्या वाढदिवसाला विश्रामबागेतल्या एका हॉटेलात आठ मुलींनी केक कापला. ज्याच्यासाठी कापला त्याला सांगली कुठं आहे हे ठाऊक असण्याचं कारण नाही. मला हसू आलं, पण मग आठवलं, दूर गेलेल्या भिजक्या कापसाच्या बोळ्यासाठी मी पहाटे चारला डोंगर चढलो होतो.

फरक दिसला तो नावडीत. तिला हॅरी आवडला नाही, तर तिचं काही अडलं नाही. वर्गातल्या मैत्रिणींत जमलं नाही तर मनिलातल्या मैत्रिणींत जमत होतं. साठाव्या पानावर पुस्तक मिटलं, विषय संपला. नावड इतकी स्वस्त झालेली पाहून मला जरा हेवाच वाटला, आणि जरा चुकल्यासारखंही. मी म्हटलं, "अगं, पण नावं ठेवायला तरी वाच की!" ती म्हणाली, "मी कुठं नावं ठेवते? मी फक्त वाचत नाही." खरंच, तिला हॅरीचा राग नव्हताच. माझ्यासारखं चौदा पुस्तकं छातीशी धरून भांडणं तिच्या पिढीला परवडणारं नाही. वेळ कुठंय? नापसंतीवर एवढा वेळ आम्हीच घालवला. आमच्याकडे दुपारच तेवढी मोठी होती.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा तिची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, शेंगा निवडत बसल्या होत्या. जन्म सांगलीतला, सासर सांगलीतलं, नगर वाचनालयाच्या जुन्या सभासद. त्या एकदम म्हणाल्या, "मला 'ययाति' पुरी करता आलेली नाही." घरात शांतता पसरली. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले, १८९८ साली. 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं तेव्हा सांगलीकरांना कसा आनंद झाला होता हे याच बाई आम्हाला रंगवून सांगत. "तीनदा घेतली," त्या म्हणाल्या, "देवयानी बोलायला लागली की मला झोप येते. ह्यांना कधी सांगितलं नाही. बायकांच्या भिशीत विषय निघाला की मी चहा टाकायला उठायची." पंचेचाळीस वर्षं त्या चहा टाकायला उठत होत्या! भाचीनं त्यांना टाळी दिली.

२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. त्या वर्षी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांनी त्या पुराच्या खुणेपर्यंतचं सामान हलवलं, आणि पाणी खूण ओलांडून वर आलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रस्ता, सगळीकडे पाणी. दीडशे वर्षांच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली. तिथल्या जुन्या ग्रंथांचा चिखल झालेला पाहून सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. स्वतःच्या घरातला चिखल त्यांनी मुकाट्यानं काढला होता.

पाणी ओसरल्यावर आम्ही साताऱ्याहून पाण्याचे कॅन, खराटे, फिनेल घेऊन गेलो. भाचीची खोली खालच्या मजल्यावर. रोजची पुस्तकं हाताशी हवीत म्हणून खालच्या फळ्यांवर ठेवलेली. जपानी चित्रमालिकेचे खंड फुगून एकमेकांना चिकटले होते. पोस्टरं भिंतीवरून ओघळली होती. आणि माझं खाकी पुठ्ठ्याचं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. ते मी तिला बाराव्या वाढदिवसाला दिलं होतं, तिनं ते उशाशी ठेवलं होतं. हातात घेतलं तर ओल्या भाकरीसारखं मोडलं. निळी शाई धुऊन गेली होती.

हॅरीची पेटी मधल्या काळात कपाटावरून माळ्यावर गेली होती. कोरडी ठणठणीत. सासूबाई म्हणाल्या, "बघा, न वाचलेली वाचली आणि वाचलेली गेली." इतक्या चिखलात त्यांना कोटी सुचली. नाटकाचं गाव ते.

पुढचे बरेच दिवस त्या आळीत वीज नव्हती. फोन बंद, जो चालू तो चार्जिंगसाठी मिरजेला गेलेला. दिवसभर चिखल काढायचा आणि अंधार पडला की माळ्यावर मेणबत्ती. पंधरा वर्षांची पोर, वाचायला घरात कोरडं दुसरं काहीच नाही. तिनं पहिला खंड काढला. साठाव्या पानापुढं गेली. वीज आली तेव्हा ती चौथ्यात होती. उरलेले तीन मग हट्टानं संपवले.

गणपतीत भेटली तेव्हा विचारलं, "मग? आवडला का आता?"

"नाही," ती म्हणाली. "पण आता मी भांडू शकते." आणि तिनं दीड तास भांडून दाखवलं. कोण कुठं खोटं बोलतं, कुणाला लेखिकेनं फुकट मारलं, मास्तरांनी पोराला काय काय सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. मध्येच म्हणाली, तिसरा मात्र बरा आहे. मी हॅरीची बाजू घेतली, जमेल तेवढी. इतकं छान भांडण मी शाळेनंतर केलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत आम्ही भिलारला गेलो. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी आपल्या घरांत, देवळांत पुस्तकांची कपाटं मांडली, एकेका घरात एकेक विषय. कुणीही यावं, बसावं, वाचावं. भाडं नाही, अनामत नाही. पुस्तक घरी नेता येत नाही, एवढंच. बालसाहित्याच्या घरात भाची मांडी घालून बसली. आता ती एकवीस वर्षांची. मी भिंतीला टेकून चहाची वाट पाहत होतो.

"मामा, हे बघ." तिच्या हातात 'प्रतापगडावर फास्टर फेणे'.

पंचेचाळीस वर्षांची शपथ. प्रतापगड तिथून डोंगराच्या दोन वळणांवर.

"तू वाच," मी म्हटलं, "मला सांग कसं आहे."

ती वाचायला लागली. मी बाहेर शेताकडे पाहत होतो. स्ट्रॉबेरीची रोपं नुकतीच लागली होती, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून हिरवी टोकं वर आलेली. घरच्या बाई चहा ठेवून गेल्या. दहा-बारा पानांनंतर भाचीनं मान वर केली.

"मामा, हे ट्टॉक म्हणजे नक्की कसं करायचं?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी कप खाली ठेवला, जीभ टाळ्याला लावली आणि सोडली. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली.